पक्षी पाहताना

सकाळी शाळेत येताना तुम्ही किती पक्षी पाहता? हा प्रश्न विचारला, की बहुतेक मुले चिमणी, कावळा आणि कबूतर अशी तीन नावे सांगतात आणि थांबतात. खरे तर विजेच्या तारेवर काळाभोर कोतवाल बसलेला असतो. त्याची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते. कुंपणावर बुलबुल असतो. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात टिटवी लांब पायांनी तुरुतुरु चालत असते. आकाशात घार घिरट्या घालत असते. हे सगळे पक्षी आपल्या वाटेवरच असतात. तरी ते आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

लक्ष देऊन पाहण्याच्या या सवयीला पक्षिनिरीक्षण म्हणतात. पक्षी ओळखणे, त्याचे वागणे समजून घेणे आणि जे पाहिले ते लिहून ठेवणे, या तीन गोष्टी पक्षिनिरीक्षणात येतात. आपल्या देशात पक्ष्यांच्या १३०० हून अधिक जाती आढळतात. त्यांतील वीस-पंचवीस जाती तर शाळेच्या आवारात आणि आसपासही भेटू शकतात. त्यासाठी जंगलातच जायला हवे, असे नाही.

पक्ष्यांची मराठी नावे मोठी गमतीची आहेत. बरीचशी नावे पक्ष्यांच्या रूपावरून किंवा सवयीवरून पडली आहेत. पाने शिवून घरटे करतो, तो शिंपी. झाडाचे खोड चोचीने टोकरतो, तो सुतार. पंख्यासारखी शेपटी पसरून सतत नाचतो, तो नाचण. ज्याची चोच चमच्यासारखी चपटी असते, तो चमचा. तुम्हांला तर ही नावे दोन भाषांत शिकता येतील. उर्दूतील फाख्ता म्हणजे मराठीतील होला. अबाबील म्हणजे भिंगरी. मैना म्हणजे साळुंकी. बया म्हणजे सुगरण. हजरत सुलेमान यांच्या कथेतील हुदहुद मराठीतही हुदहुद या नावाने ओळखला जातो. काही जण त्याला हुप्या म्हणतात. आणि बुलबुल दोन्ही भाषांत बुलबुलच आहे!

पक्षिनिरीक्षणाचे नाव निघाले, की डॉ. सालिम अली यांची आठवण होते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे ते मामाच्या घरी वाढले. एके दिवशी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले. मामांना उत्तर माहीत नव्हते. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तेथील मानद सचिव मिलार्ड साहेबांनी ती चिमणी ओळखून दिली. मग त्यांनी कपाटे उघडून संस्थेतील पक्ष्यांचा मोठा संग्रह या मुलाला दाखवला. त्या दिवशी एका मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली.

पुढे १९३० साली सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीम गावी सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. ते तासन्‌तास शांत बसून घरट्यांकडे पाहत असत. सुगरणीत घरटे नर विणतो. घरटे अर्धे झाले, की मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडले, तर नर ते पुरे करतो. मादी अंडी घालते आणि नर दुसरे घरटे विणायला घेतो. ही सर्व हकिकत त्यांनी धीराने पाहिली आणि लिहून काढली. बंदुकीने मारलेल्या चिमणीने त्यांच्या मनात प्रश्न उभा केला, पण सुगरणीच्या घरातील गुपित त्यांना कळले, ते नुसते पाहत राहिल्यामुळे. सालिम अलींच्या तरुणपणी पक्ष्यांचा अभ्यास करण्यासाठी पक्षी मारून त्यांचे नमुने गोळा करण्याची रीत होती. आज दुर्बीण, वही आणि धीर या तीन साधनांवर खूप काही शिकता येते.

एकट्याने पक्षी पाहता येतात; पण सोबत असली, की छंद टिकतो. म्हणून अनेक शाळांत पक्षिनिरीक्षण मंडळ चालवतात. आपल्या शाळेतही असे मंडळ सुरू करणे अवघड नाही. दहा-बारा मुलेमुली आणि एक शिक्षक किंवा शिक्षिका एवढे पुरे. सर्वांनी मिळून एक दुर्बीण घेतली, तरी काम भागते. दुर्बिणीवर ८×४० असे आकडे लिहिलेले असतात. त्यांतील ८ चा अर्थ वस्तू आठ पट जवळ भासते. ४० हा पुढच्या भिंगाचा व्यास असून तो मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. हे भिंग जितके मोठे, तितका जास्त उजेड डोळ्यांपर्यंत येतो. दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. डोळ्यांना कायमची इजा होते.

दुर्बीण नसली, तरी अडत नाही. सुरुवातीला डोळे आणि कान पुरेसे असतात. पक्षी दिसला, की आधी त्याचा आकार पाहावा. तो चिमणीएवढा आहे, साळुंकीएवढा आहे, कावळ्याएवढा आहे, की घारीएवढा? सालिम अलींनीही आपल्या पुस्तकात पक्ष्यांचा आकार अशाच ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करून सांगितला आहे. त्यानंतर चोच, पाय, शेपटी आणि रंग पाहावा. बियाणे खाणाऱ्या पक्ष्याची चोच जाड व आखूड असते. मांस खाणाऱ्याची बाकदार असते. चिखलात किडे शोधणाऱ्याची लांब असते. चोच पाहिली, की त्याचे अन्न कळते. मग तो चालतो की उड्या मारतो, एकटा आहे की थव्यात, हेही पाहावे.

मंडळाच्या प्रत्येक सभासदाजवळ एक लहान वही असावी. तिच्यात तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करत होता, एवढे लिहावे. नाव कळले नाही, तर चित्र काढावे आणि पुढे प्रश्नचिन्ह घालावे. अंदाजाने नाव लिहू नये. जे पाहिले नाही, ते पाहिले असे तर मुळीच लिहू नये. खोटी नोंद ही कोऱ्या पानापेक्षा वाईट असते.

नोंदी ठेवण्याचा छंद आपल्या देशात जुना आहे. मोगल बादशहा जहांगीर याने आपल्या फारसी आत्मचरित्रात सारस पक्ष्यांच्या एका पाळलेल्या जोडीबद्दल लिहिले आहे. त्या जोडीची नावे लैला आणि मजनू अशी होती. मादी रात्रभर अंड्यांवर बसे आणि नर जवळ उभा राहून पहारा देई, असे त्याने नोंदले आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार पाहणाऱ्या बादशहाला यासाठी वेळ मिळत होता. आपल्यालाही रोज पंधरा मिनिटे मिळू शकतील.

या नोंदींचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गिधाडांच्या कहाणीत आहे. १९८० च्या दशकात भारतात गिधाडे लाखोंनी होती. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की थोड्या वेळात ती येऊन ते फस्त करीत आणि परिसर स्वच्छ राही. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी त्या दशकात गिधाडांची मोजणी केली होती. १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा संख्या फार घटल्याचे दिसले. जुनी नोंद हाताशी होती, म्हणून घट सिद्ध झाली. २००३ साली कारण सापडले. गुरांना वेदना कमी होण्यासाठी डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत असत. असे गुरू मेल्यावर त्याचे मांस खाल्लेल्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत असे. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरात नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती. कोणी मोजलेच नसते, तर उरलेली गिधाडे वाचवण्याचा विचार आणखी उशिरा झाला असता.

म्हणून पक्ष्यांची मोजणी हे मंडळाचे महत्त्वाचे काम आहे. दर वर्षी जानेवारीत आशियातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील व आवारातील पक्षी मोजतात. त्यासाठी एका ठिकाणी निदान पंधरा मिनिटे थांबून, दिसलेले पक्षी मोजून त्यांची यादी करायची असते. शाळाही त्यात भाग घेऊ शकतात. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मराठीतील थोर वन्यजीव-लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. मोठा थवा मोजण्याचीही एक युक्ती आहे. आधी थव्यातील दहा पक्षी मोजावेत. ते किती जागा व्यापतात, ते नजरेत धरावे. तेवढ्या जागा साऱ्या थव्यात किती बसतात, ते पाहावे आणि दहाने गुणावे.

वर्षातून एकदा मंडळाची सहलही निघावी. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ बंधारा आहे. बंधाऱ्यामागे साठलेल्या उथळ पाण्यात गवत, किडे आणि मासे विपुल असतात. म्हणून तेथे पक्ष्यांची गर्दी होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या शहरी एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या करारानुसार महत्त्वाच्या ठरलेल्या जागांना रामसर स्थळ म्हणतात. २०२० साली नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात मध्य आशिया व सायबेरियाकडून थापट्या, तलवार बदक असे पाहुणे तेथे उतरतात. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, चमचा, चित्रबलाक हेही दिसतात. चापडगावच्या बाजूला निरीक्षणासाठी मनोरे आहेत. सहलीला जाताना पहाटे लवकर निघावे, कारण सूर्योदयानंतरच्या दोन तासांत पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात. भडक कपडे टाळावेत. मातकट किंवा हिरवट रंग बरे. सूर्य पाठीशी ठेवावा, म्हणजे पक्ष्यांचे रंग नीट दिसतात.

येथपर्यंत आपण पक्षी कसे पाहावेत, ते पाहिले. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्याला पक्षी पाहण्याचा आनंद होतो. पण पक्ष्याला आपण दिसलो, की त्याला काय होते?

पक्ष्याच्या दृष्टीने माणूस हा एक मोठा प्राणी आहे. तो जवळ येऊ लागला, की पक्षी खाणे थांबवतो आणि मान वर करून पाहू लागतो. आणखी जवळ गेलो, की तो अस्वस्थ होतो, ओरडतो, इकडेतिकडे सरकतो. त्याहून जवळ गेलो, तर उडून जातो. उडण्यासाठी त्याला शक्ती खर्चावी लागते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकाला परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. दिवसभरात दहा वेळा लोकांनी त्याला उडवले, तर त्याचे खाणे कमी होते आणि खर्च वाढतो. आपल्याला फक्त एक सुंदर थवा उडताना दिसतो. त्याची किंमत मात्र पक्षी देत असतात. म्हणून मुद्दाम टाळ्या वाजवून किंवा दगड मारून थवा उडवू नये. पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले, की तेथेच थांबावे. आपण थांबलो, की थोड्या वेळाने तो पुन्हा खाऊ लागतो. तसे न झाल्यास दोन पावले मागे जावे.

घरट्याजवळ तर जास्तच काळजी घ्यावी लागते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे टिटवी. तिचे ओरडणे अशुभ आहे, असे काही लोक मानतात. ती का ओरडते, हे कळले, की ही समजूत आपोआप दूर होईल.

टिटवी झाडावर घरटे करीत नाही. ती उघड्या जमिनीवर थोडा खळगा करते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा असतो आणि त्यांवर काळपट ठिपके असतात. खडकाळ जमिनीत ती खड्यांसारखीच दिसतात. हेच त्यांचे रक्षण. मार्च ते ऑगस्ट हा टिटवीचा अंडी घालण्याचा काळ. म्हणजे कित्येक जोड्यांची अंडी भर उन्हाळ्यात उघड्यावर असतात. अंड्यातील जिवाला सुमारे ३७-३८ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच चाळीस अंशांच्या वर जाते आणि जमीन त्याहून तापते. अशा वेळी टिटवी अंडी उबवत नाही, तर ती थंड ठेवते! ती अंड्यांवर उभी राहून सावली धरते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर येऊन बसते. नर आणि मादी आळीपाळीने हे काम सुमारे चार आठवडे करतात.

आता विचार करा. आपण चार-पाच जण दुपारी तेथे गेलो. टिटवी उठली, ओरडू लागली, डोक्यावरून घिरट्या घालू लागली. आपल्याला वाटले, अंडी जवळच असणार. आपण शोधू लागलो. अंडी सापडली. मग छायाचित्र काढण्यासाठी दहा मिनिटे थांबलो. त्या दहा मिनिटांत अंड्यांवर सावली नव्हती आणि ओली पिसेही नव्हती. शिवाय झाडावरचा कावळा आपल्याकडे पाहत होता. माणसे कोठे वाकून पाहतात, हे त्याला बरोबर कळते. आपण निघून गेल्यावर तो तेथे उतरू शकतो. आपण एकही अंडे फोडले नाही, कोणालाही हात लावला नाही. तरी चारही अंडी जाऊ शकतात. टिटवीचे ओरडणे अशुभ नसते. 'येथून दूर जा,' एवढेच ती सांगत असते. तिची हाक ऐकताच आल्या पावली मागे फिरणे, हा आपला धर्म आहे.

हदीसमध्ये असा एक प्रसंग आहे. प्रवासात असताना काही साथीदारांनी एका लहान पक्ष्याची दोन पिल्ले उचलली. त्यांची आई व्याकूळ होऊन पंख फडफडवीत तेथे घिरट्या घालू लागली. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले. या आईला कोणी दुखवले, असे त्यांनी विचारले आणि पिल्ले परत ठेवायला सांगितली. मुक्या जिवाची व्यथा ओळखण्याची ही शिकवण आहे. आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणे आणि त्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश केला आहे. म्हणजे बंदूक हातात न घेताही माणूस शिकारी ठरू शकतो.

पिल्लांबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात झाडाखाली बुलबुलाचे किंवा साळुंकीचे पिल्लू बसलेले दिसते. त्याला पिसे फुटलेली असतात, पण नीट उडता येत नसते. ते हरवले आहे, असे समजून मुले त्याला घरी नेतात. बहुतेक वेळा ते हरवलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपास अन्न घेऊन थांबलेले असतात. आपण दूर झाल्याशिवाय ते येत नाहीत. अशा पिल्लाला तेथेच राहू द्यावे. कुत्र्यामांजरांचे भय असेल, तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावे. माणसाचा हात लागला, की आई पिल्लू टाकून देते, असे म्हणतात. ते खरे नाही. बहुतेक पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत. आई दूर राहते, ती आपल्या भीतीने. पक्षी जखमी असेल, तर मात्र स्वतः उपचार करीत बसू नये. मोठ्या माणसांच्या मदतीने वनखात्याला किंवा पशुवैद्यांना कळवावे.

आजकाल घरोघरी छायाचित्र काढण्याची साधने आहेत. चित्र चांगले यावे, म्हणून काही लोक घरट्यापुढची फांदी तोडतात किंवा बाजूला बांधतात. ती फांदीच पिल्लांना ऊन-पावसापासून आणि शिकारी पक्ष्यांच्या नजरेपासून झाकत असते. घुबडाच्या किंवा पिंगळ्याच्या डोळ्यांवर एकदम झगझगीत उजेड टाकू नये. काही जण ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला बोलावतात. पक्ष्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे. तो अन्न शोधायचे सोडून त्या नसलेल्या शत्रूशी झुंजायला येतो. ही एक प्रकारची फसवणूकच आहे. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे सापडले, तर त्याचा पत्ताही सर्वांना सांगत सुटू नये. आपण एका मित्राला सांगतो, तो दहा जणांना सांगतो आणि आठवडाभरात तेथे जत्रा भरते. अशी माहिती आपल्या शिक्षकांजवळ किंवा वनखात्याजवळ द्यावी.

पक्ष्यांप्रमाणे माणसांचाही मान राखावा. शेतात जायचे असेल, तर शेतकऱ्याला विचारून जावे. पीक तुडवू नये. खाल्लेल्या पदार्थांच्या पिशव्या परत आणाव्यात. तळ्याकाठी कोणी कपडे धूत असेल किंवा मासे धरीत असेल, तर त्यांच्याशी गोडीने बोलावे. त्या परिसरातील पक्ष्यांबद्दल त्यांना बरेच काही माहीत असते. दुर्बीण एकट्याने धरून ठेवू नये. लहानांना आधी पाहू द्यावे.

मंडळाचे काम सहलीपुरते नसते. उन्हाळ्यात शाळेच्या आवारात सावलीत पाण्याची पसरट भांडी ठेवता येतात. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे, नाहीतर रोग पसरतो आणि डासही होतात. पतंग उडवताना नायलॉनचा मांजा कोणी वापरू नये, म्हणून मंडळाने प्रचार करावा. हा मांजा तुटत नाही, कुजत नाही. झाडावर अडकून महिनोन्‌महिने राहतो आणि उडत्या पक्ष्याचे पंख कापतो. २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर देशभर बंदी घातली. तारांवर आणि झाडांवर लोंबणारा मांजा दिसला, तर मोठ्यांच्या मदतीने काढून टाकावा. पोपट किंवा मुनिया यांसारखे रानपक्षी विकत घेऊन पिंजऱ्यात ठेवू नयेत. भारतातील रानपक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. पिंजऱ्यातील एका पोपटामागे वाटेत मेलेली पिल्लेही असतात. ती आपल्याला दिसत नाहीत, इतकेच.

हे सारे नियम लांबलचक वाटतील. पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पक्षी पाहण्याच्या आपल्या हौसेपेक्षा पक्ष्याचा जीव मोठा आहे. एखाद्या दिवशी पक्षी नीट दिसला नाही, छायाचित्र निघाले नाही, वहीत नाव लिहिता आले नाही, तरी काही बिघडत नाही. आपल्यामुळे त्याचे घरटे मोडले नाही, हे अधिक महत्त्वाचे. आपण पाहून परत आलो आणि आपण तेथे गेलो होतो, हे पक्ष्याला कळलेसुद्धा नाही, तर ते सर्वांत चांगले निरीक्षण समजावे.

मित्रांनो, उद्या सकाळी शाळा भरण्यापूर्वी पंधरा मिनिटे आधी या. आवारातील एखाद्या झाडाखाली नव्हे, तर त्यापासून थोडे दूर उभे राहा. बोलू नका. कोण येते, कोण जाते, काय खाते, कसे बोलते, ते पाहा आणि वहीत लिहा. पहिल्या दिवशी कदाचित तीनच नावे होतील. महिन्याभरात ती पंधरा झाली नाहीत, तर मला सांगा!